क्लोन केलेल्या ऑफिस संगणकांवर परवानग्या अडतात तेव्हा: आधी ओळख तपासा, मग फोल्डर

एक संगणक नीट लावायचा, त्यावर विंडोज, ऑफिस, हिशेबाचं सॉफ्टवेअर, प्रिंटर असं सगळं बसवायचं आणि त्याच्या डिस्कची इमेज काढून ती बाकीच्या सगळ्या मशीनवर उतरवायची. नवे संगणक आले की बहुतेक ऑफिसांत हेच होतं, आणि त्यात वेळ वाचतो हेही खरं. तक्रारी नंतर सुरू होतात. कुणाला स्वतःचंच फोल्डर उघडत नाही. कुणी शेअर ड्राइव्हचा पासवर्ड बरोबर टाकतं, तरी तीच चौकट पुन्हा समोर येते. कुणाचा डेस्कटॉप सकाळी कोरा दिसतो आणि कोपऱ्यात तात्पुरत्या प्रोफाइलची सूचना असते.

अशा वेळी हाताशी असलेला उपाय म्हणजे फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन मोकळं होणं. तो करू नका. पगाराच्या फाइल्स सगळ्यांना उघड्या पडतात आणि एखाद्या साध्या खात्यातून रॅन्समवेअर शिरलं तर त्यालाही सगळं लिहिता येतं. शिवाय मूळ दुखणं तसंच राहतं. क्लोन केलेल्या मशीनवरची परवानगीची तक्रार बहुतेक वेळा फोल्डरची नसतेच, ती ओळखीची असते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मशीनची ओळख, मग माणसाच्या खात्याची ओळख आणि सगळ्यात शेवटी फोल्डर.

विंडोज नाव बघत नाही, एसआयडी बघतं

विंडोजमधल्या प्रत्येक खात्याला आणि प्रत्येक गटाला एक एसआयडी, म्हणजे आकड्यांचा ओळख क्रमांक, असतो. स्थानिक खात्याचा एसआयडी ‘एस-१-५-२१’ने सुरू होतो, पुढे तीन मोठे आकडे येतात आणि शेवटी एक छोटा आकडा. मधले तीन मोठे आकडे त्या मशीनची ओळख. शेवटचा आकडा खात्याचा: मूळ ॲडमिनिस्ट्रेटरचा नेहमी ५००, गेस्टचा ५०१ आणि तुम्ही बनवलेल्या खात्यांचे १००० पासून पुढे. फोल्डरच्या परवानगी यादीत नाव नव्हे, हा पूर्ण आकडा लिहिलेला असतो. आपल्याला दिसणारं नाव विंडोज त्या क्षणी शोधून दाखवतं.

डोमेनवरच्या, म्हणजे ऑफिसच्या एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवलेल्या खात्यांचं वेगळं असतं. त्यांचे मधले आकडे डोमेनचे असतात, मशीनचे नाही. त्यामुळे डोमेनवर काम करणाऱ्याची परवानगी आणि वर्कग्रुपमध्ये, म्हणजे असा सर्व्हर नसताना, त्या मशीनपुरत्या स्थानिक खात्यावर काम करणाऱ्याची परवानगी यांची तपासणी वेगवेगळ्या वाटेने जाते. समोरचं मशीन यांपैकी कोणतं, हे पहिल्याच मिनिटाला ठरवा.

आता इमेज उतरवताना काय होतं ते पाहा. सिसप्रेप, म्हणजे इमेज काढण्याआधी मशीनची ओळख पुसणारं विंडोजचं साधन, न चालवता थेट क्लोन केलं, तर सगळ्या मशीनची ओळख एकच राहते. एका मशीनवरचं १००१ आणि शेजारच्या मशीनवरचं १००१ ही खाती दोन वेगळ्या माणसांची असली, तरी विंडोजच्या लेखी त्यांचा एसआयडी तंतोतंत एक. एकाची एनटीएफएस (फाइलगणिक परवानग्या ठेवणारी विंडोजची पद्धत) हार्डडिस्क दुसऱ्याच्या मशीनला लावली की फाइल्स विनाअडथळा उघडतात. उलट सिसप्रेप व्यवस्थित चालवलं, तर प्रत्येक मशीनला नवी ओळख मिळते, पण ती बदलते फक्त डिस्कच्या विंडोज असलेल्या विभागावर. ‘डी’ विभागावर आधीच भरून ठेवलेला डेटा जुन्या एसआयडीच्या परवानग्या घेऊनच नव्या मशीनवर येतो. म्हणजे पहिल्या चुकीत हवं त्यापेक्षा जास्त उघडतं, दुसऱ्या प्रकारात हवं तेही उघडत नाही.

काहीही बदलण्याआधी

तक्रार करणाऱ्याच्या शेजारी बसा आणि चूक तुमच्यासमोर घडू द्या. संदेश शब्दशः लिहून घ्या किंवा त्याचा फोटो काढा. ‘ॲक्सेस इज डिनाइड’, ‘पासवर्ड चुकीचा आहे’ आणि ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ हे तीन वेगळे आजार आहेत, पण फोनवर तिन्हींचं वर्णन ‘उघडत नाहीये’ एवढंच होतं.

मग त्याच माणसाच्या लॉगिनमध्ये, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून न उघडता, कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हूॲमआय स्लॅश ऑल’ चालवा. खात्याचं नाव, एसआयडी आणि त्या क्षणी लागू असलेले सगळे गट तिथे दिसतात. इथे एक गोष्ट हमखास निसटते: गटांची यादी लॉगिनच्या वेळी बनते. तुम्ही सकाळी कुणाला ‘अकाउंट्स’ गटात टाकलं आणि तो माणूस कालपासून लॉगिन असेल, तर त्याच्या यादीत तो गट नसणारच. स्क्रीन लॉक करून उघडल्यानं भागत नाही, पूर्ण साइन आउट करून परत यावं लागतं. कित्येक तक्रारी इथेच संपतात.

मशीनची ओळख

दोन संशयित मशीन घ्या. दोन्हींवर पॉवरशेलमध्ये ‘गेट-लोकलयूजर’ चालवून नावांबरोबर एसआयडीचा रकाना मागा. शेवटचा छोटा आकडा सोडून उरलेला भाग दोन्हीकडे सारखा आला, तर इमेज सिसप्रेपशिवाय उतरली आहे. सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनसंचातलं ‘पीएसगेटसिड’ हेच काम आणखी थेट करतं.

दुहेरी एसआयडीबद्दल बरीच वर्षं एक मत रूढ होतं की त्याने काही बिघडत नाही. त्याला कारण होतं. सिसइंटर्नल्सचे मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये मशीनचा एसआयडी दोन ठिकाणी सारखा असणं ही मुळात अडचणच नाही अशी सविस्तर मांडणी केली आणि एसआयडी बदलून देणारं ‘न्यूसिड’ हे साधन मागे घेण्यात आलं. तरी सिसप्रेपशिवाय क्लोन करण्याला मायक्रोसॉफ्टचा अधिकृत पाठिंबा कधीच नव्हता.

आता ते मत सोडून द्यावं लागेल. २९ ऑगस्ट २०२५ आणि त्यानंतर आलेल्या अपडेट्सनी विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्यांत आणि विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये एसआयडीची तपासणी कडक केली. सारखा एसआयडी असलेली दोन मशीन एकमेकांशी बोलू लागली की कर्बेरॉस आणि एनटीएलएम या दोन्ही पद्धतींची ओळखपडताळणी नाकारली जाते. लक्षणं अशी: पासवर्ड बरोबर असून पुन्हा पुन्हा विचारला जाणं, शेअर फोल्डर नावानेही न उघडणं आणि आयपी पत्त्यानेही न उघडणं, रिमोट डेस्कटॉप न जोडलं जाणं. वर्षानुवर्षं चालत असलेलं ऑफिस एका अपडेटनंतर अचानक अडलं असेल आणि ती मशीन क्लोन केलेली असतील, तर संशयाची सुई आधी इकडेच वळवा. खात्री करण्यासाठी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टम’ नोंदवही उघडा आणि एलएसएएसएस (लॉगिन तपासणारा विंडोजचा भाग) कडून आलेला ६१६७ क्रमांकाचा इव्हेंट शोधा. मशीनची ओळख अंशतः जुळत नाही असं त्यात लिहिलेलं असतं.

तो सापडला तर फोल्डरच्या परवानग्यांना हातही लावू नका, तिथे दोष नाहीच. कायमचा उपाय एकच: त्या मशीनवर योग्य रीतीने तयार केलेली इमेज नव्याने उतरवणं. सगळी मशीन एका दिवसात करणं शक्य नसेल, तर ज्या मशीनवर शेअर फोल्डर आहे ते आधी करा. त्याचा एसआयडी वेगळा झाला की बाकीच्यांची त्याच्याशी असलेली टक्कर संपते, आणि उरलेली मशीन सवडीने घेता येतात. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, शिरून एसआयडी बदलून देणारी बाहेरची साधनं सापडतील. पगार आणि हिशेब ठेवलेल्या मशीनवर ती वापरू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

डोमेनवरचं मशीन असेल तर

इथे वेगळा घोळ असतो. डोमेनला जोडलेल्या मशीनचंही डोमेनमध्ये एक खातं असतं आणि त्याला पासवर्ड असतो. मशीन तो स्वतःच, ठरावीक सेटिंगप्रमाणे दर ३० दिवसांनी बदलतं. डोमेनला जोडलेल्या अवस्थेतच इमेज काढली, तर दोन मशीन एकाच खात्यावर हक्क सांगतात. एकाने पासवर्ड बदलला की दुसऱ्यावर ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा संदेश येतो. म्हणून ही तक्रार क्लोन केल्यावर लगेच न येता काही आठवड्यांनी उगवते आणि तोवर क्लोनिंगचा कुणाला विसरही पडलेला असतो.

पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनेल’ चालवा. ‘फॉल्स’ आलं तर नातं तुटलं आहे. त्याच आज्ञेला ‘रिपेअर’ जोडून दुरुस्ती होते, पण त्याआधी या नावाचं दुसरं मशीन नेटवर्कवर नाही ना, हे बघा. असेल तर एकाची दुरुस्ती म्हणजे दुसऱ्याचा बिघाड, आणि तुम्ही दोन टेबलांमध्ये फेऱ्या घालत राहाल. सारख्या नावाची मशीन असतील तर एक सोडून बाकीची नेटवर्कवरून काढा. प्रत्येकावर स्थानिक ॲडमिन खात्याने लॉगिन करून मशीन वर्कग्रुपमध्ये आणा, नवं वेगळं नाव द्या, रीस्टार्ट करा आणि मग डोमेनला जोडा. डोमेनमधून बाहेर पडण्याआधी स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड चालतो की नाही हे प्रत्यक्ष लॉगिन करून पाहा. तो चालला नाही तर मशीनमध्ये शिरायचा रस्ताच बंद होतो.

जुन्याच नावाने परत जोडताना नकार आला तर गोंधळू नका. ऑक्टोबर २०२२ पासूनच्या अपडेट्सनंतर डोमेनमधलं आधीचं संगणक-खातं दुसऱ्याच माणसाने पुन्हा वापरायला सहसा मनाई होते. ते खातं ज्याने बनवलं त्याच्याकडून जोडून घ्या, किंवा डोमेन ॲडमिनला सांगून जुनं खातं काढून टाका.

फोल्डर: ‘अकाउंट अननोन’ दिसलं की

ओळख ठीक निघाली, आता फोल्डर. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी. यादीत नावांऐवजी ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे लांबलचक एसआयडी दिसत असेल, तर ती मास्टर मशीनवरच्या खात्याची उरलेली नोंद आहे. एक सावधगिरी बाळगा: डोमेन सर्व्हरशी संपर्क तुटलेला असेल तेव्हा चांगली, चालू खातीही अशीच निनावी दिसतात. म्हणून दिसली नोंद की उडव, असं करू नका. त्या एसआयडीचे मधले आकडे डोमेनच्या आकड्यांशी ताडून बघा.

एक-दोन फोल्डर असतील तर हाताने नीट करा: ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन मालक बदला, योग्य गटाला ‘मॉडिफाय’ द्या, अनाथ नोंद काढा. तिथेच ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ हा टॅब आहे. माणसाचं नाव निवडलं की त्याला या फोल्डरवर नेमकं काय करता येईल ते तो दाखवतो. वाचताना एवढं ध्यानात ठेवा की थेट फोल्डरवर दिलेली नोंद वरून वारसाने आलेल्या नोंदीवर मात करते आणि एकाच पातळीवर ‘डिनाय’ हा ‘अलाऊ’च्या आधी चालतो.

डेटा मोठा असेल तर कमांड प्रॉम्प्टमधून परवानग्या बदलणारं ‘आयकॅकल्स’ वापरा. हे साधन चांगलं समजून घेण्यासारखं आहे. समजा मास्टर मशीनवरच्या जुन्या खात्याचा एसआयडी १००१ ने संपत होता, नव्या मशीनवरच्या खात्याचा १००३ ने संपतो आणि ‘डी’वरच्या ‘हिशेब’ फोल्डरवर जुनाच चढलेला आहे. पहिल्यांदा ‘फाइंडसिड’ आणि ‘टी’ हे स्विच लावून जुना एसआयडी आत कुठे कुठे आहे ते शोधा. आकड्यांत एसआयडी देताना त्याच्या आधी तारांकन लावायचं. मग ‘सेव्ह’ने सगळ्या परवानग्या एका फाइलमध्ये उतरवा आणि तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, कारण चुकलात तर परतीची वाट तीच आहे. त्यानंतर ‘रिस्टोअर’सोबत ‘सब्स्टिट्यूट’ लावून आधी जुना आणि मग नवा एसआयडी द्या. फाइलमध्ये जिथे जिथे जुना आहे तिथे नवा बसवून परवानग्या परत चढतात. कुणाला वाचायचा आणि कुणाला लिहायचा हक्क होता, ती रचना शाबूत राहते. दोन खाचाखोचा सांभाळा: ‘रिस्टोअर’ त्या फोल्डरच्या एक पायरी वर, म्हणजे इथे ‘डी’च्या मुळावर चालवायचं असतं, आणि या फाइलमध्ये मालकी साठत नाही, ती ‘सेटओनर’ने वेगळी बदलावी लागते.

मालकी घेणारी ‘टेकओन’ आणि परवानग्या मुळावर आणणारी ‘आयकॅकल्स रिसेट’ या दोन आज्ञा डेटाच्या फोल्डरपुरत्याच ठेवा. ‘सी’च्या मुळावर किंवा विंडोजच्या फोल्डरवर त्या चालवल्या की सिस्टम फाइल्सची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्या स्वतःच्या खात्याकडून निघून जाते आणि मशीन पूर्वस्थितीवर आणणं जवळपास अशक्य होतं.

आणि ‘कंटिन्यू’चं बटण. ॲडमिन खात्याने एखाद्याचं फोल्डर उघडताना ‘तुम्हाला परवानगी नाही, कायमचा प्रवेश हवा असल्यास कंटिन्यू दाबा’ अशी चौकट येते. ती दाबली की विंडोज तुमच्या खात्याची नोंद त्या फोल्डरच्या यादीत खरोखरच कायमची घालतं. उद्या तुम्हाला ॲडमिन गटातून काढलं, तरी तो प्रवेश राहतो. तपासणीच्या ओघात दहा जणांची फोल्डरं अशी उघडली, तर दहा ठिकाणी तुमच्या नोंदी राहतात. पाहायचंच असेल तर ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून पाहा.

शेअर फोल्डर

नेटवर्कवरून उघडताना परवानग्यांचे दोन थर असतात: शेअरचा आणि एनटीएफएसचा. दोन्हींत जो जास्त कडक, तो चालतो. ‘वाचता येतं, पण सेव्ह होत नाही’ या तक्रारीमागे बहुधा शेअरच्या थरावर राहून गेलेला ‘एव्हरीवन: रीड’ असतो.

शिवाय इमेजबरोबर मास्टर मशीनच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधले जतन केलेले पासवर्डही आलेले असू शकतात. मशीन गपचूप त्या जुन्या नावाने सर्व्हरवर जातं आणि नकार मात्र आजच्या माणसाला मिळतो. कंट्रोल पॅनेलमधून त्या नोंदी काढा, ‘नेट यूज’ने जुन्या जोडण्या तोडा आणि नव्याने जोडा. पासवर्डशिवाय गेस्ट म्हणून उघडणारे जुने शेअर विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये प्रो आवृत्तीवरही बंद पडतात. तिथे गेस्ट परत चालू करण्याऐवजी शेअरसाठी नावनिशी खाती बनवलेली बरी.

तात्पुरती प्रोफाइल आणि कोरा डेस्कटॉप

माणसाची प्रोफाइल, म्हणजे त्याचं वैयक्तिक फोल्डर, कुठे आहे, हे रजिस्ट्रीतल्या ‘प्रोफाइललिस्ट’ या कीमध्ये एसआयडीनुसार लिहिलेलं असतं. दुसऱ्या ॲडमिन खात्याने लॉगिन करून, रजिस्ट्रीची आणि त्या फोल्डरची प्रत काढून मग ती की उघडा. एकच एसआयडी दोनदा दिसत असेल, एक साधा आणि एक ‘डॉट बॅक’ जोडलेला, तर साध्याचं नाव बदलून बाजूला ठेवा, दुसऱ्याचं ‘डॉट बॅक’ काढा आणि ‘प्रोफाइलइमेजपाथ’ योग्य फोल्डर दाखवतो का ते बघून रीस्टार्ट करा.

पण फोल्डर दुसऱ्या मशीनवरून नुसतं कॉपी करून आणलेलं असेल, तर एवढ्याने भागणार नाही. आतल्या ‘एनटीयूजर’ फाइलमध्ये त्या माणसाची रजिस्ट्री असते आणि तिच्या आत स्वतंत्र परवानग्या असतात, त्याही जुन्या एसआयडीच्या. अशा वेळी झगडू नका. नवं खातं, नवी प्रोफाइल, आणि कागदपत्रं, डेस्कटॉप वगैरे तेवढं त्यात कॉपी करा. कॉपी केलेल्या फाइल्स नव्या जागेच्या परवानग्या घेतात. त्याच विभागात मूव्ह केलेल्या फाइल्स मात्र जुन्या परवानग्या सोबत आणू शकतात, म्हणून इथे मूव्ह टाळा.

मास्टरवरचं खातं नाव बदलून माणसाला देऊन टाकण्याची पद्धत फार ठिकाणी दिसते. नाव बदललं तरी एसआयडी तोच राहतो आणि वैयक्तिक फोल्डरचं नावही जुनंच राहतं. जुन्या खात्याला जे जे उघडत होतं ते सगळं नव्या माणसाला उघडतं. प्रत्येकासाठी नवं खातं बनवा.

कुलपाचं चिन्ह असलेल्या, म्हणजे ईएफएस या विंडोजच्या सोयीने कूटबद्ध केलेल्या फाइल्स परवानगी देऊन उघडत नाहीत, त्यांना मूळ प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे जुनं मशीन पुसण्याआधी अशा फाइल्स आहेत का ते आवर्जून बघा.

सॉफ्टवेअर फक्त ॲडमिनलाच चालत असेल तर

जुन्या सॉफ्टवेअरला स्वतःच्याच फोल्डरात लिहायचं असतं आणि ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये साध्या खात्याला फक्त वाचता येतं. काही जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमचं लिखाण विंडोज गुपचूप त्या माणसाच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरकडे वळवतं. त्यामुळे एकाच मशीनवर दोघांना वेगवेगळा डेटा दिसतो आणि नोंदी गायब झाल्याचा आरोप कुणावर तरी येतो. आधी ते फोल्डर पाहा. उपाय म्हणून माणसाला ॲडमिन करू नका, फक्त डेटाच्या फोल्डरवर गटाला ‘मॉडिफाय’ द्या.

पुढची इमेज काढताना

मास्टर मशीन डोमेनला जोडण्याआधीच इमेज काढा. सिसप्रेप ‘जनरलाइझ’ (ओळख पुसणं), ‘ऊबी’ (पुढच्या वेळी पहिल्या वापराची मांडणी दाखवणं) आणि ‘शटडाउन’ या तिन्ही पर्यायांसह चालवा, आणि बंद झालेलं मशीन पुन्हा विंडोजमध्ये सुरू न करता डिस्कची प्रत घ्या. सिसप्रेप अर्ध्यात थांबलं तर त्याच्याच फोल्डरातल्या ‘पँथर’मधला ‘सेटअपॲक्ट’ लॉग वाचा. बहुतेक वेळा एखाद्या खात्यापुरतं स्टोअरमधून बसलेलं ॲप आडवं आलेलं असतं आणि लॉगमध्ये त्याचं नाव असतं. ते काढा, पुन्हा चालवा. ‘डी’ विभागावर डेटा भरायचा तो इमेज उतरल्यावर.

सगळ्या क्लोनवर स्थानिक ॲडमिनचा एकच पासवर्ड राहू देऊ नका, एका मशीनचा फुटला की सगळ्यांचा फुटतो. डोमेन असेल तर एप्रिल २०२३ च्या अपडेट्सपासून विंडोजमध्येच आलेलं लॅप्स हे साधन प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देऊन तो ठरावीक मुदतीने बदलतं.

लिनक्सची मशीन क्लोन करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. तिथे फाइलवर मालकाचा यूआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा आकडा असतो, म्हणून वापरकर्त्यांचे आकडे सगळीकडे जुळते ठेवा, आणि इमेज काढण्याआधी ‘मशीन-आयडी’ फाइल रिकामी करून एसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या सेवेसाठी मशीनची ओळख असलेल्या होस्ट की काढून टाका.

इमेज तयार झाली की आधी दोनच मशीनवर उतरवा. दोन्हींचे एसआयडी वेगळे आहेत का ते बघा, दोन्हींवर साध्या खात्याने लॉगिन करा, एकमेकांचा शेअर उघडा, त्यात एक फाइल लिहा, ती दुसरीकडून बदला आणि खोडा. हे सगळं ॲडमिनच्या खात्याशिवाय पार पडलं की मगच बाकीच्या मशीनना हात घाला.